खाकामावशीने काढलेला एकच चेहरा

खाकामावशी कागद बोटाने वाचायची, तेही डोळे मिटून. टोचलेला बटरपेपर मांडीवर घ्यायची, मधलं बोट त्यावरून अलगद फिरवायची आणि सांगून टाकायची, "ही सुलट, ही उलट." सुई जिकडून आत जाते ती बाजू गुळगुळीत लागते आणि जिकडून बाहेर येते तिकडे कागदाला बारीक काटे उभे राहतात. एवढीच गोष्ट. पण बोट फिरवल्याशिवाय तिने कधी कापडावर कागद टेकवला नाही, आणि मी टेकवायला गेले की विचारायची, "बोटाने बघितलंस?" मावशीला जाऊन आता वर्ष होईल. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. भर दुपारी, पंखा गरगरत असताना, शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चालू असताना, अगदी माझ्या डाव्या खांद्यापाशी कुणीतरी वाकून विचारल्यासारखा.

ज्यांनी कधी साडीवर भरतकाम करून घेतलं असेल त्यांना खाका म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. नक्षी बटरपेपरवर उतरवायची, तिच्या रेघेरेघेवर सुईने टोचत जायचं, मग तो कागद कापडावर ठेवून वरून निळीत भिजवलेला बोळा फिरवायचा. भोकाभोकांतून नीळ खाली उतरते आणि कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची वेल उमटलेली असते. नीळ कालवायला पूर्वी रॉकेल असायचं, ते मिळेनासं झाल्यावर मावशीने टर्पेंटाइन आणलं आणि पुढची दहा वर्षं त्याच्या वासाला नावं ठेवली. गडद कापडाला निळीऐवजी सफेदा. जुन्या पनवेलात बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मावशीचं हे दुकान होतं. पाटी नव्हती. दाराच्या चौकटीवर निळ्या बोटांचे ठसे होते, त्यावरून लोक घर ओळखत.

मी नवीन पनवेलला राहते आणि घरी आरीवर्कचे ब्लाउज करते. पहिल्यांदा गेले तेव्हा, "मावशी, तुम्ही करून द्याल का हो?" असं अदबीने विचारलं होतं. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "मावशी म्हणतेस आणि अहोजाहो कसलं करतेस? एक काहीतरी ठरव." तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करू लागले आणि ती मला घाईबाई म्हणू लागली. नाव मी कमावलं होतं. नीळ वाळायच्या आत मी कापडाची घडी घालायची, चहा गार व्हायच्या आत तो पिऊन जीभ पोळून घ्यायची. "कुठे जायचंय तुला, उरणची बोट चुकतेय?" असं ती विचारायची. ऑर्डरी घेत घेत मी तिच्याकडे शिकायला कधी लागले ते दोघींनाही कळलं नाही. शेवटी शेवटी बोळा फिरवायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

शनिवारी मावशीचं दार बंद असे. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आत निळीची वाटी झाकायची, सुया डबीत जायच्या, हात दगडाने घासून घासून धुवायचे आणि मग दिवे लावायचे. त्यानंतर लग्नाची नवरी स्वतः दारात रडत उभी राहिली तरी काम होत नसे. तिचे लोक पनवेलात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नवरा केव्हाच गेलेला, एकुलता एक मुलगा इस्राएलला नोकरीला. तो दर सुट्टीत "आई, चल" म्हणायचा आणि ती दर वेळी सांगायची, "तिथे कुणाच्या पदरावर मोर काढू?"

रंग ती घरी करायची. मांजरपाटावर चित्र काढायचं, मखराचा पडदा रंगवायचा, तर विकतची ट्यूब चालायची नाही. "माझ्या डबीत काय घातलंय ते मला ठाऊक आहे. ट्यूबवाल्याला विचार जा, त्याने काय घातलंय ते," असं म्हणायची. तांबडा रंग गेरूचा. विचुंब्याकडे बिल्डिंगांसाठी खणायला लागले तेव्हा एका खड्ड्यात तिला हवी तशी लाल माती निघाली, तर ही बाई पिशवी घेऊन वॉचमनशी भांडायला गेली होती. पांढऱ्यासाठी उरणहून शिंपले यायचे. ते भाजून, कुटून, फडक्यातून तीनदा गाळायचे. काळा तिळाच्या तेलाच्या काजळीचा, पिवळा पेवडीच्या मातीचा. कापडाला चिंचोक्याची खळ. आणि हे सगळं ज्याने धरून ठेवायचं तो धावड्याचा डिंक. तो आणून द्यायची तुळशी.

तुळशी कातकरी, नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या चढावर तिची वाडी. दिवाळी झाली की घरचे सगळे वीटभट्टीवर जायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचे. जाताना आणि आल्यावर ती मावशीकडे डिंक घेऊन यायची, सोबत तिची मुलगी चंदी. आठ-नऊ वर्षांची. डाव्या भुवईत मधेच एक तुकडा नव्हता, तिथे वीट लागली होती. हसली की तोंड एका बाजूला ओढलं जायचं. ती घरात शिरली की निळीची वाटी उचलून उंच ठेवावी लागे. तुळशी डिंक निवडून देईपर्यंत चंदी मावशीच्या खाक्यांच्या गुंडाळ्या उलगडायची, खिडकीशी धरायची आणि उजेडात चमकणारे ठिपके बघून ओरडायची, "आये, मोर पेटला बघ!"

मावशी चेहरा कधी काढत नसे. मोर, कमळ, कोयरी, हत्ती, काय हवं ते सांगा, पण माणसाचं तोंड नाही. तिच्या धर्मात काही अडकाठी होती असं नाही, मी विचारलं होतं. म्हणाली, "वेल चुकली तर वळवता येते गं. चेहरा चुकला तर कुठे वळवणार?" चंदीने मात्र तिला हरवलं. एका दिवाळीत तिने हट्टच धरला, "मावशे, मोर काडतेस, हत्ती काडतेस, मंग मला का नाय काडत?" मावशी म्हणाली, तू एक मिनिट गप्प बसत नाहीस म्हणून. तर ही पोरगी हाताची घडी घालून जी बसली ती हललीच नाही. मावशीने खाके उतरवायची काच दोन स्टुलांमध्ये उभी केली, पलीकडे चंदीला बसवलं, एक डोळा मिटून काचेवर मेणाच्या पेन्सिलीने तिचा चेहरा गिरवला आणि त्यावरून तो बटरपेपरवर उतरवून घेतला. भुवईतला तुकडा सोडून दिला, ओढलेलं तोंड तसंच ओढलेलं. तेवढ्यावर थांबली नाही, रात्री बसून सगळा टोचलाही. दुसऱ्या दिवशी मला दाखवताना लाजली होती. म्हणाली, "जमलं गं. पहिल्यांदा आणि शेवटचं." मग ती गुंडाळी इतर गुंडाळ्यांत गेली. भट्टीवरून आलीस की रंगवून देते, असं चंदीला कबूल केलं होतं.

त्या वैशाखात तुळशी एकटीच आली. डिंक आणला नव्हता. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "चंदी गेली, मावशे. ताप आलता. चार दिस व्हता." मावशीच्या हातातली सुई तशीच राहिली. मग तुळशीने विचारलं, "तिचं त्ये कागद हाय ना तुज्याकडं?" नवऱ्याच्या मोबाईलमध्ये दोन फोटो होते, तो मोबाईल भट्टीच्या हौदात पडला होता. "मला तिचं त्वांड दे. मी इसरायला लागले. काल निजताना भुवई आटवंना, कंची ती." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मावशी म्हणाली, "पुढच्या सोमवारी ये. देते."

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू चढत होता. ऑपरेशन मुलगा आल्यावर करू म्हणून ठेवलेलं. रंग भरण्यापुरतं दिसतं म्हणाली, ठिपके उमटवायचं तेवढं तू कर. लग्नसराई होती, माझ्याकडे अकरा ब्लाउज अडकलेले. शुक्रवारी दुपारी चार वाजता मी तिच्याकडे पोचले, दिवे लागायच्या आत काम उरकायचं होतं. आधी माझ्या एका नवरीच्या बाह्या टाकल्या. बाह्यांचं असं असतं की एकाच खाक्यावर दोन्ही होतात. उजव्या बाहीला कागद उलटा, डावीला तोच कागद सुलट. उलट, सुलट, उलट, सुलट, हात त्या लयीला लागलेला. शेवटची बाही सुलट झाली. मग मी चंदीचा कागद खळ लावलेल्या मांजरपाटावर ठेवला आणि बोळा फिरवला.

आतल्या खोलीतून मावशीने विचारलं, "बोटाने बघितलंस?"

मी म्हटलं, "हो."

बघितलं नव्हतं. खोटं बोलते आहे असंही तेव्हा वाटलं नाही, इतकं ते सहज तोंडातून गेलं. दहा वर्षांत कागद उलटा पडला असता तरी काय, मोराने तोंड इकडे केलं काय आणि तिकडे केलं काय. कापड खुंटीला लावून मी पावणेसहाला रिक्षा पकडली.

रविवारी दिवसभर मावशीने रंग भरला. सोमवारी मी मुद्दाम गेले. चित्र सुंदर होतं, हे आजही सांगते. विचुंब्याच्या मातीचा सावळा तांबूस रंग, शिंपल्याच्या पांढऱ्याने डोळ्यांतले बारीक थेंब. मावशी म्हणाली, "काहीतरी परकं वाटतंय गं मला." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. तेवढ्यात तुळशी आली. कापड हातात घेतलं, उजेडाकडे केलं, जवळ आणलं, लांब धरलं. तिचा चेहरा आधी उघडला होता, तो हळूहळू मिटत गेला. म्हणाली, "ही नाय, मावशे. कोन हाय ही?"

तुळशीलाच वाईट वाटलं असावं. "ऱ्हाऊ दे, मी नेते," म्हणाली, कापडाची घडी करून कमरेला खोचली आणि गेली. मी उगीच काहीतरी करायचं म्हणून टेबलावरचा चंदीचा खाका गुंडाळायला घेतला. निळीचा डाग बघितला. तो काट्यांच्या बाजूला होता. कागद उलटा पडला होता. भुवईतला तुकडा या गालाकडून त्या गालाकडे गेला होता, ओढलेलं तोंड दुसऱ्याच बाजूला हसत होतं. आईने नऊ वर्षं समोरून बघितलेलं तोंड. तिला कसं ओळखू येणार?

मी मान वर केली तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "माझे डोळे गेले, घाईबाई. त्या बाईने लेकराचं तोंड मागितलं आणि मी तिला दुसऱ्याच कुणाचं तरी दिलं." त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. "मावशी, कागद मी उलटा ठेवला." पाच शब्द. मी बोलले नाही. तिचा रडवेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्याने मी घाबरले. शिवाय त्या "हो"ची लाज वाटली. उद्या सांगू, ती सावरली की सांगू, असं मनाशी म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

मावशीने त्यानंतर काम बंद केलं. गिऱ्हाइकं यायची, जुनी, ओळखीची. ती दारातूनच सांगायची, मला आता दिसत नाही. दिवाळीत मुलगा आला, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तिला समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतले कपडेसुद्धा मोजता यायला लागले. मला वाटलं, आता बसेल. हातात सुई घेतली, परत ठेवली. "डोळे आले गं, पण भरवसा नाही आला," म्हणाली. मी दर आठवड्याला जात होते. दर आठवड्याला जिना नसलेल्या त्या घराच्या पायरीवर ठरवायचे, आज सांगायचं. आत गेल्यावर तिने माझ्यासाठी काही ना काही झाकून ठेवलेलं असायचं. ते खाऊन मी परत यायचे.

शेवटी ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं नाही म्हणत होती तिला हो म्हणाली. मुलगा न्यायला आला. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, तिने सगळे खाके दोन जुन्या चादरींत बांधून माझ्या हवाली केले. रंगाच्या डब्या दिल्या, शिंपले कुटायचा खल दिला. मग माझं मनगट धरून म्हणाली, "त्या पोरीचा खाका जपून ठेव हं. तो बरोबर होता. चूक माझ्या हाताची होती, कागदाची नाही." मुलगा "आई, उशीर होतोय" म्हणत होता. मी मान हलवली. लोकांना वाटलं मला निरोपाचं रडू येतंय.

तिथून ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. मागे पांढरी भिंत, समुद्र जवळ आहे म्हणायची, पण शिंपले वेगळेच, कुटले जात नाहीत. मी कितीदा तरी मेसेज लिहिला. "मावशी, एक सांगायचं राहिलंय." लिहायचा, वाचायचा, पुसायचा. एका रविवारी कॉल आला नाही. बुधवारी मुलाचा मेसेज आला, आई झोपेतच गेली, सगळं तिथेच झालं. मी त्या मेसेजच्या वरची मोकळी जागा बघत बसले, जिथे माझं वाक्य असायला हवं होतं.

तेव्हापासून तो प्रश्न ऐकू येतो. मी बाही टाकते, कागद उलटते, आणि हात हवेत थांबतो. घरातले म्हणतात तू सारखी मागे वळून काय बघतेस. चादरीतली ती गुंडाळी मी आठ महिने उघडली नाही. एका सकाळी उघडली आणि खिडकीशी धरली. चंदी उजेडात ठिपक्याठिपक्यांनी उभी राहिली, हसत, तोंड नेहमीच्या बाजूला ओढून. मला तिची भीती वाटली, हे खरं सांगते. नऊ वर्षांच्या पोरीची.

मग मी कामाला लागले. शिंपले मीच कुटले, तीनदा गाळले. काजळी धरली. खळ दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. कागदावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. रंग भरायला सतरा दिवस लागले. माझा हात मावशीसारखा नाही, पण पोरगी चंदीच होती. मागच्या महिन्यात ते कापड घेऊन मी तुळशीच्या वाडीवर गेले.

तुळशी आता भट्टीवर जात नाही, बांधकामावर जाते. त्या दिवशी घरी होती. कुडाच्या भिंतीवर आत, चुलीच्या धुराने काळं पडू नये अशा कोपऱ्यात, मावशीचं ते जुनं चित्र लावलेलं होतं. मी बघत राहिले तशी ती म्हणाली, "कोनाची पोर काय माहीत. पन मावशीनं काडली, टाकू कशी?" मी माझं कापड उलगडून तिच्या हातात दिलं. तिने एकदाच बघितलं आणि खाली बसली. कापडावरून तळवा फिरवत राहिली. "हां," म्हणाली. "ही. ही हाय."

मग मी सगळं सांगितलं. कागद, बाह्या, घाई, ते "हो". तिने मान वर न करता ऐकून घेतलं.

"म्हंजी मावशीचे डोळे बरोबर व्हते?" तिने विचारलं.

"हो."

"ती आलती ना हितं," तुळशी म्हणाली. "तिकडं जायच्या आदी. रिक्षा वर येत नाय, तर काठी टेकत चढली. माजे पाय धरले तिनं, ताय. येवडी म्हातारी बाय. म्हनाली, माजे डोळे चुकले, मला माफ कर. मी म्हनलं, मावशे, उट, आसं नको करू. तर उटंना. लय रडली." मग तिने कापड माझ्यापुढे धरलं. "आदी तिला दाव ह्ये. त्या मोबाईलवर दाव. तिला सांग, तुजं काय चुकलं नाय. तिला बरं वाटंल."

मावशी गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. कोण कळवणार? मीच होते.

मी सांगितलं. बाहेर कोंबड्या उकरत होत्या, कुणीतरी कुणाला तरी पाण्यासाठी हाका मारत होतं.

"मंग तू लय उशीर केलास, ताय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. तिने कापडाची घडी करून छातीशी धरली, उठली, चुलीपाशी गेली आणि ताटलीत भात वाढून माझ्यापुढे ठेवला. मी तो खाल्ला.